सत्कार झाल्यानंतर

[दृश्य: पहाट. गिरणीच्या जुन्या चाळींमागचं मैदान. एक वयस्कर माणूस वाकून फक्कीने रेघ मारतो आहे.]

सकाळचे सहा वाजलेत. सोलापूरचा उन्हाळा आहे, त्यामुळे खेळायचं ते साडेआठच्या आत. त्यानंतर या मातीवर अनवाणी पाय टेकवत नाही.

मैदानावर सगळ्यांच्या आधी येतात ते हे तिघं. तिघांचीही साठी उलटली आहे. एकांच्या खांद्यावर जाळीची पिशवी, पिशवीत सात बॉल. दुसऱ्यांच्या हातात फक्कीचा डबा. तिसऱ्यांच्या गुडघ्याला पट्टा. या तिसऱ्यांना पोरं गोलीकाका म्हणतात, कारण पंधरा वर्षं ते गोलपोस्टमध्ये उभे राहिले.

[दृश्य: जर्सीची पाठ, जवळून.]

ही गोलीकाकांची जर्सी नीट बघा. रंग मूळचा गडद लाल होता, आता विटकरी झालाय. पाठीवरचा एकचा आकडा छापलेला नाही. पांढऱ्या कापडाचा तुकडा कापून तो हाताने शिवलाय, आणि खालच्या कोपऱ्यात टाके उसवले तिथे दुसऱ्या दोऱ्याने पुन्हा घातलेत. पहिला दोरा त्यांच्या आईचा, दुसरा त्यांच्या सुनेचा.

हे तिघं तारुण्यात ज्या फुटबॉल संघाकडून खेळले, त्याच संघासाठी आज गावभर फिरतात. शाळांमध्ये जातात, मुख्याध्यापकांना भेटतात, दुकानदारांकडून बॉलसाठी वर्गणी मागतात. संघाचं नाव या चित्रफितीत घेऊ नका, असं त्यांनीच सांगितलं. "आमचं कौतुक नको, पोरं पाठवा म्हणावं," एवढीच त्यांची अट.

इंग्लंडमध्ये असते तर या तिघांच्या गळ्यात ओळखपत्र असतं आणि त्यावर लिहिलेलं असतं, क्लब अ‍ॅम्बॅसेडर. म्हणजे क्लबच्या वतीने लोकांत वावरणारा माजी खेळाडू.

अ‍ॅम्बॅसेडर म्हणजे राजदूत, असं कोश सांगतो. मला मात्र आपल्याच गावातला शब्द जवळचा वाटतो. मानकरी. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, तेव्हा सात नंदीध्वज निघतात. उंचच उंच काठ्या, वर सजावट, आणि तो सगळा भार अंगावर तोलून चालणारी माणसं. गर्दीला दिसतो तो सोहळा. पण त्याआधी कितीतरी दिवस रात्री रस्त्यावर त्याच काठ्यांचा सराव चाललेला असतो, तो ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे की इथे मान आणि वजन वेगळं करता येत नाही.

फुटबॉलच्या मानकऱ्यांची गोष्टही तशीच आहे.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. पाण्याने भरलेलं मैदान.]

एक काळ असा होता की इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूच्या पगारालाच मर्यादा होती. आठवड्याला जास्तीत जास्त 20 पौंड. 1961 साली ती उठली. तोवर मोठमोठे खेळाडूही दुसरं काम हाताशी ठेवत. प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबचे टॉम फिनी हे इंग्लंडच्या संघातले नामवंत खेळाडू, आणि धंद्याने प्लंबर. इंग्लिश लीगमधली कारकीर्द सगळी एकाच क्लबमध्ये गेली. पुढे हाच प्लंबर प्रेस्टनचा अध्यक्ष झाला. 1956 च्या एका सामन्यात साचलेल्या पाण्यातून बॉल नेताना त्यांचा एक फोटो निघाला. त्याच फोटोवरून घडवलेला पुतळा आज प्रेस्टनच्या डीपडेल मैदानाबाहेर उभा आहे. 2014 साली फिनी गेले. त्या गावाला मात्र ते पुतळा व्हायच्या आधीपासून ठाऊक होते. ज्याने घरचा नळ दुरुस्त केला, तोच शनिवारी गोल करायचा. अशा माणसाला क्लबचा राजदूत म्हणून वेगळं नेमावं लागत नाही.

आता काळ बदलला. क्लब अ‍ॅम्बॅसेडर हे रीतसर पद झालं, त्याचा करार होतो, मानधन मिळतं. सामन्याच्या दिवशी पाहुण्यांच्या दालनात बसायचं, प्रायोजकांशी हस्तांदोलन करायचं, परदेशातल्या चाहत्यांना भेटायचं, शाळा आणि इस्पितळांत जायचं. जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबसाठी ब्राझीलचे जियोव्हानी एल्बर हे करतात. दक्षिण कोरियाचे पार्क जी-सुंग 2014 मध्ये निवृत्त झाले आणि त्याच वर्षी मँचेस्टर युनायटेडने त्यांना नेमलं. आशियातल्या चाहत्यांना आपल्यातलाच माणूस समोर दिसावा, हा त्यामागचा हिशोब उघड आहे. त्यात मला काही वावगं दिसत नाही. क्लबला पैसा लागतोच.

पण माझं मन अडकतं ते लेडली किंगपाशी.

किंग लंडनच्या टॉटनहॅम क्लबचे बचावपटू. 1999 ते 2012, क्लब फुटबॉलचे सगळे सामने यांच्याचसाठी. गुडघ्यातली कूर्चा झिजून गेली होती. सामना झाला की गुडघा सुजायचा, आठवडाभर संघाबरोबर सराव करता यायचा नाही, आणि पुढच्या सामन्याला हा माणूस सराव न करताच उतरायचा. कप्तान होते ते. 2012 मध्ये गुडघ्याने पुरतंच नाही म्हटलं, तेव्हा वय होतं 31. क्लबने त्यांना अ‍ॅम्बॅसेडर केलं. ज्या गुडघ्यापायी खेळ गेला तो क्लबसाठीच झिजला होता, आणि क्लबने ते लक्षात ठेवलं. या पदाची खरी सुरुवात मला इथे दिसते.

आणि केनी डॅलग्लिश. 15 एप्रिल 1989 ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. लिव्हरपूलचे 97 चाहते त्यात गेले, त्यातले शेवटचे त्या वेळच्या दुखापतींपायी कित्येक वर्षांनी, 2021 मध्ये. डॅलग्लिश तेव्हा लिव्हरपूलचे व्यवस्थापक होते. ते एकामागून एक अंत्यविधींना जात राहिले. एकाच दिवशी चार ठिकाणी गेले. तेव्हा त्यांच्याकडे राजदूत वगैरे पद नव्हतं. ते मिळालं 2009 मध्ये, वीस वर्षांनी. माणूस ते काम करून बसला होता, क्लबने त्याला नाव उशिरा दिलं.

आपल्याकडे कोलकात्यात मोहन बागान हा क्लब 29 जुलै हा आपला दिवस म्हणून पाळतं, कारण 1911 साली त्याच तारखेला त्यांनी ब्रिटिश सैन्याच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 हरवून आयएफए शील्ड ही फुटबॉल स्पर्धा जिंकली होती. बहुतेक खेळाडू अनवाणी होते. 2001 पासून या दिवशी मोहन बागान रत्न हा सन्मान दिला जातो. चुनी गोस्वामींनाही तो मिळाला. 1962 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे ते कप्तान, आणि क्लब फुटबॉलमध्ये मोहन बागान सोडून कुठे गेले नाहीत. तिथल्या लहान पोराला आजोबा अजून 1911 सांगतात. हे कुणी मोबदला देऊन करून घेतलेलं नाही.

[दृश्य: पुन्हा सोलापूर. एका समारंभाचा रिकामा मंडप, उलट्या रचलेल्या खुर्च्या.]

आता आपल्याकडचं बोलतो, आणि मनापासून बोलतो.

आपण सत्कार करतो. शाल, श्रीफळ, हार, फोटो. सोलापुरात शालीच्या जागी चादरही देतात, आणि ती चादर खरोखर चांगली असते, वर्षानुवर्षं टिकते. पण त्या माणसाला आपण काम देत नाही. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेला या तिघांना माजी खेळाडू म्हणून बोलावलं होतं. मी त्यांच्याबरोबर होतो. पाहुण्यांची भाषणं झाली, यांना हार घातले, टाळ्या पडल्या. मग सामना सुरू झाला आणि हे तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. मैदानावर एका गोलकीपर पोराला कॉर्नरला पुढे कधी यायचं ते समजत नव्हतं. गोलीकाका खुर्चीच्या कडेवर आले, अर्धे उठले, परत बसले. जाऊन त्या पोराला दोन शब्द सांगा, असं कुणी म्हणालं नाही. त्या पोराने दोन गोल तसेच खाल्ले.

परत येताना रिक्षात कुणीच बोललं नाही. चार दिवसांनी या तिघांनी स्वतःहून हे मैदान धरलं.

[दृश्य: मैदान. पोरं जमली आहेत.]

आता ऐका. "रा, रा!" ही तेलुगू हाक. "बारो!" म्हटलं की कन्नड. मध्येच "पास दे की बे!" हे आपलं सोलापुरी. तिघंही तिन्ही भाषांत ओरडतात, कारण त्यांचा संघही असाच होता. एका पाळीला जाणारे, दुसऱ्या पाळीवरून येणारे, गिरणीच्या भोंग्यावर सरावाची वेळ ठरायची. पुढे गिरण्या बंद पडल्या, भोंगा थांबला, संघ विखुरला. त्या वेळचे लेसचे बॉल कसे पावसात भिजून दगडासारखे व्हायचे आणि हेडर मारला की लेसचा वळ कपाळावर उठायचा, हे पोरांना सांगताना काका कपाळावर बोट ठेवून दाखवतात. पोरं पुढे सरकून तो वळ शोधतात.

मागच्या महिन्यात एक पोरगा यायचा बंद झाला. डावखुरा, तेरा वर्षांचा. आठ दिवस वाट पाहून गोलीकाका त्याच्या घरी गेले. आम्हीही कॅमेरा बंद ठेवून मागोमाग गेलो.

[दृश्य: पूर्व भागातली एक गल्ली. यंत्रमागांचा आवाज.]

घर म्हणजे पुढे यंत्रमाग आणि मागे एक खोली. टॉवेल विणायचं काम. मागाचा खडखडाट असा की शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. पोरगा मागासाठी दोऱ्याच्या कांड्या भरत बसला होता. काकांना बघून त्याने मान खाली घातली.

वडील मागापाशी उभे होते. त्यांनी मान वळवली नाही. माग थांबला की त्या दिवसाची मजुरी तेवढी कमी होते, म्हणून इथे पाहुणा आला तरी माग चालूच राहतो. काका ओरडून सांगू लागले की पोराचा डावा पाय चांगला आहे, सकाळचे दोनच तास, साडेआठला घरी परत. वडील "हो, हो" करत दोऱ्याकडे बघत राहिले.

मग त्यांची नजर त्या विटकरी जर्सीवर गेली.

"तुम्ही गोलमध्ये राहत होता का ओ?" त्यांनी विचारलं. "मी लहान होतो. बापाच्या खांद्यावर बसून बघितलाय तुम्हाला."

आणि त्यांनी हात लांब करून माग बंद केला.

खोलीत एकदम इतकी शांतता झाली की बाहेरच्या नळाचं पाणी ऐकू आलं. त्यांनी शेजारची खुर्ची पुसली, काकांना बसवलं, पोराला चहा आणायला पाठवलं. दहा मिनिटं दोघं एका जुन्या सामन्याबद्दल बोलत होते. पोराचा विषय निघालाच नाही.

निघताना वडील दारापर्यंत आले. "सहाला ना?" म्हणाले.

"पावणेसहा," काका म्हणाले. "फक्की मारायला हात लागतो."

आम्ही गल्लीच्या टोकाला पोचलो, तेव्हा मागे माग पुन्हा सुरू झाला.