आधी उभं राहायला शिकू या

नमस्कार, श्रोतेहो.

कोथरूडमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी आमचा तायक्वांदोचा वर्ग भरतो. खाली जुनी शहाबादी फरशी आहे. नव्या मुलांचे आईबाबा सुरुवातीचे काही दिवस भिंतीलगतच्या बाकावर बसून असतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्यांच्यापैकी कुणीतरी हळूच जवळ येतं आणि विचारतं, "ताई, हे नुसतं उभं राहणं अजून किती दिवस? लाथा कधी शिकवणार?"

प्रश्न रास्त आहे. तायक्वांदो या कोरियन शब्दात पायाचा मारा आला, मुठीचा मारा आला आणि शेवटचा 'दो' म्हणजे मार्ग. हे नाव १९५५ साली ठरलं. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाला पदकं मिळू लागली, आणि तेव्हापासून टीव्हीवर आपल्याला दिसते ती डोक्याच्या उंचीवर जाणारी लाथ. मूल तीच शिकायला आलेलं असतं. तरी मी त्याला आधी उभं करते. ते का, हे आज तुम्हाला सांगायचं आहे.

कोरियन भाषेत उभं राहण्याला 'सॉगी' म्हणतात. इथे त्याचा अर्थ पवित्रा. सगळ्यात सोपा पवित्रा म्हणजे नारान्ही सॉगी. दोन्ही पाय शेजारी शेजारी, समांतर, मध्ये अंतर आपल्याच एका पावलाच्या लांबीएवढं. पावलं दोन पावलांएवढी लांब नेली आणि गुडघे वाकवले की जुचुम सॉगी. चालता चालता आहात तिथेच थांबलात, तर पुढच्या अंगठ्यापासून मागच्या टाचेपर्यंत साधारण तीन पावलं भरतात, ती आप सॉगी. आणि चार ते साडेचार पावलांची लांब फाक, ती आप कुबी. 'आप' म्हणजे पुढे, 'कुबी' म्हणजे वाकणं. सोलमध्ये १९७२ साली उभ्या राहिलेल्या कुक्कीवॉन या संस्थेची ही पद्धत मला फार आवडते, कारण इथे टेप लागत नाही. सात वर्षांच्या मुलीचं माप तिच्या पावलाचं, साठीच्या आजोबांचं माप त्यांच्या पावलाचं. शेजारचा किती लांब उभा आहे ते बघायचं कारणच नाही. काही वर्ग दुसऱ्या परंपरेतले असतात, तिथे नावं आणि मापं थोडी वेगळी ऐकू येतील. गोंधळून जाऊ नका. आपले सर शिकवतात ते आधी पक्कं करा.

आता हे पवित्रे इतके निरनिराळे कशासाठी? ते समजायला पीएमपीच्या बसमध्ये चला. गर्दी आहे, दांडा हाताला लागत नाही, तुम्ही ड्रायव्हरकडे तोंड करून पाय शेजारी शेजारी ठेवून उभे आहात. कर्वे पुतळ्यापाशी ब्रेक लागला की तुम्ही पुढच्या माणसावर. तेच एक पाय पुढे असता तर सावरला असता. किंवा खिडकीकडे तोंड करून पाय फाकवून, गुडघे जरा सैल ठेवून उभे असता, तरीही सावरला असता. धक्का ज्या दिशेने येतो त्या दिशेला आपला पाया लांब हवा, एवढाच हा हिशोब आहे. जुचुम सॉगीत उभ्या असलेल्या मुलाला मी बाजूने खांद्याला ढकलते, तर तो हलत नाही. समोरून छातीला दोन बोटं लावली की मागे जातो. मग त्यालाच आप कुबीत उभं करते आणि पुन्हा समोरून ढकलते. त्या वेळी मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते बघायला बाकावरच्या पालकांनी जरूर थांबावं.

आप कुबीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण माझा गुडघा तिथेच दुखावला होता. मी चाळिशी ओलांडल्यावर मुलाबरोबर शिकायला लागले. ज्या वर्गात सुरुवात केली तिथे घाई होती. थोड्याच महिन्यांत पिवळा पट्टा मिळाला, लाथाही सुरू झाल्या. आप कुबीत पुढचा गुडघा वाकवताना माझा गुडघा आत, अंगठ्याच्याही आत झुकत होता, आणि ते कुणी पाहिलं नाही. रोज शंभर वेळा तसंच वळले. शेवटी जिना उतरता येईना. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि सहा आठवडे मी घरी बसले. त्या काळात मला सर्वांत जास्त राग याचा आला, की चूक अगदी साधी होती. गुडघ्याने बोटांच्या दिशेने बघायचं, बस. खाली नजर टाकली तर गुडघा आणि बोटांची टोकं एका रेषेत दिसली पाहिजेत.

पुन्हा सुरुवात केली ती दुसऱ्या सरांकडे. त्यांनी मला शहाबादी फरशीच्या सांध्यावर उभं केलं. सांधा दोन्ही पायांच्या मधून गेला पाहिजे. दोन्ही पाय एकाच रेषेवर आले तर दोरीवर चालल्यासारखा तोल जातो. मागचा पाय सरळ, गुडघा ताठ, बोटं फार बाहेर वळलेली नकोत. टाच जमिनीला चिकटलेली. ही टाच उचलली जाणं ही सगळ्यांचीच चूक असते, मोठ्यांची जास्त, कारण आपल्या पोटऱ्या आखडलेल्या असतात. वजनाचे दोन भाग पुढच्या पायावर, एक भाग मागच्यावर. आणि कंबर समोर. हे सगळं जमलं की ठोसा मारताना जोर मागच्या टाचेतून निघतो, कंबरेत वळतो आणि मुठीपर्यंत पोचतो. टाच उचललीत तर तो जोर वाटेतच सांडतो. मला हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मी तो एकच ठोसा त्या संध्याकाळी किती वेळा मारला असेन, आठवत नाही.

द्वित कुबी याच्या उलट. 'द्वित' म्हणजे मागे. पावसाळ्यात फुटपाथच्या कडेला उभे असताना डबक्यातून बस येताना दिसते, तेव्हा आपण पाय न उचलता वजन मागच्या पायावर घेतो आणि पुढचा पाय हलका होतो. शरीराला हे माहीत असतंच. वर्गात फक्त दोन्ही टाचा एका रेषेत आणायच्या, पावलांचा काटकोन करायचा, दोन्ही गुडघे वाकवायचे आणि पाठ मागे कलू द्यायची नाही. पुढचा पाय मोकळा राहिला, की हव्या त्या क्षणी लाथ निघते. म्हणजे लाथ इथेच तयार होत असते, बाकावरून ती दिसत नाही इतकंच. वाघाचा पवित्रा, करकोच्यासारखं एका पायावर उभं राहणं, हे सगळं पुढे येतं. त्याची घाई नको.

माझे मामा तरुणपणी शुक्रवार पेठेतल्या तालमीत कुस्ती करायचे. एकदा ते वर्ग बघायला आले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, हे तर पैतरेच की. पण तुमची पोरं इतकी ताठ का?" मी सांगितलं, मामा, तुमचा गडी धरायला येतो म्हणून तुम्ही खाली वाकता, डोकं पुढे ठेवता. आमच्याकडे समोरून लाथ येणार असते आणि आपलीही उचलायची असते, म्हणून पाठ सरळ. त्यांना ते पटलं. जाताना त्यांनी एका मुलाची मागची टाच बोटाने खाली दाबली.

एक शंका मोठी मुलं हमखास काढतात. स्पर्धेतले खेळाडू तर आखूड पवित्र्यात सतत उड्या मारत असतात, आप कुबीत कुणीच उभं राहत नाही. खरं आहे. पण पूमसे, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मांडणी, त्यातली पहिलीच 'तेगुक इल जांग' घ्या, ती आप सॉगी आणि आप कुबीवरच उभी आहे. पूमसेची जागतिक स्पर्धा २००६ पासून होते आणि तिथे पवित्र्याला गुण असतात. लढतीतल्या मुलांनाही मी हेच सांगते, की आपलं वजन या क्षणी कुठल्या पायावर आहे हे ज्याला न बघता कळतं, त्याचीच लाथ वेळेवर निघते. ते कळणं संथ, लांब पवित्र्यातच येतं.

आमच्या वर्गात नऊ वर्षांची एक मुलगी आहे. फार कमी बोलते. पहिले दोन महिने ती जुचुम सॉगीत दहा आकडेही टिकत नव्हती, मांड्या थरथरायच्या. कोरियन बोलीत 'ऑंगॉजुचुम' असा एक शब्द आहे, धड बसलेलं नाही आणि धड उभंही नाही, असा त्याचा अर्थ. तिचं तसंच चाललं होतं. गेल्या आठवड्यात मी बाजूने तिचा खांदा ढकलला. ती हलली नाही. मी जरा जास्त जोर लावला. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, समोर बघत राहिली. बाकावर तिची आई बसली होती. त्या दिवशी लाथांचं कुणी विचारलं नाही.

आता तुम्ही घरात असाल, गुडघे दुखत नसतील आणि हात मोकळे असतील, तर उठा. गाडी चालवत असाल तर नुसतं ऐका. पाय दोन पावलांच्या अंतरावर, पावलं समांतर, मुठी कंबरेला. गुडघे वाकवा, झेपेल तितकेच. पाठ सरळ, नजर समोर. श्वास रोखू नका. मी मोजते. हाना. दुल. सेत. नेत. दासत. टाचा जमिनीवर आहेत ना? यसत. इलगोप. यदल. गुडघे आत येऊ देऊ नका. आहोप. यल.

बारो. उभे राहा, पाय जवळ घ्या. नमस्कार.