ठाऊक असूनही रडला

नमस्कार श्रोतेहो.

घरातलं माणूस गेलं की लोक भेटायला येतात, जवळ बसतात. पण वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलावर बसलेलं माणूस गेलं, तर आपल्याला भेटायला कोण येणार? एक शोकसभा होते, दोन मिनिटं उभं राहायचं, की पुन्हा कामाला. शोकसभेत स्वतःबद्दलच बोलत राहणाऱ्यांचा माईक काढून घ्यावा, असं माझं जुनं मत आहे. असो. आमच्या मॅडम गेल्या, तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकलेले आम्ही सगळे असेच कामाला लागलो. मग एकदा जुनी फाईल निघाली. समासात पेन्सिलीनं, त्यांच्या बारीक अक्षरात: 'घाई केलीस. पुन्हा वाच.' फाईल मिटली, ती दिवसभर उघडवली नाही.

अशा वेळी मी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 11वा अध्याय काढतो. उपासनेत पुष्कळदा ऐकला असेल, तरी सांगतो, कारण मला तो सांगायला आवडतो.

बेथानी गावात लाजर आजारी पडला. मार्था आणि मरीया या त्याच्या बहिणींनी येशूला निरोप धाडला. येशू लगेच निघाला नाही, होता तिथेच दोन दिवस राहिला. पोचला तोवर लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था घरात थांबली नाही, तशीच सामोरी गेली. प्रभुजी, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता! तोंडावर केलेली तक्रार आहे ही. उपदेशांतून बिचारीला फार बोलणी खावी लागतात, दुसऱ्या एका प्रसंगात कामातच गुंतली म्हणून. मला विचाराल तर इथे धीट तीच. आणि तिलाच तो सांगतो, पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे. मग मरीया येते, पायांवर पडते, तेच म्हणते. तिला काही समजावत बसत नाही तो. ती रडतेय, सोबतची माणसं रडताहेत, आणि येशू रडला. 35वं वचन, एवढंच. थोड्याच वेळात लाजराला हाक मारून कबरेतून जिवंत बाहेर बोलावणार होता, ते त्याला ठाऊक होतं. ठाऊक असूनही रडला. पुन्हा सांगतो, ठाऊक असूनही रडला.

येशूनं कबरेवरची धोंड काढा म्हटल्यावर परत मार्थाच पुढे: प्रभुजी, आता दुर्गंधी येत असेल! विश्वासाची कबुली देऊन झालेली, तरी बाईचं भान सुटलेलं नाही.

तेव्हा 'विश्वासणारा ना तू, मग रडतोस काय' असं कुणी म्हणालं, तर मनावर घेऊ नका. आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका, असं प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात लिहितो. खेदच करू नका, असं लिहीत नाही.

आणि एक करा. घरच्यांना आपल्या माणसाचं कामावरचं रूप सहसा ठाऊक नसतं. कुणाची चूक गुपचूप सावरून घेतली, कुणासाठी साहेबांशी भांडलं, ते लिहून त्यांना नेऊन द्या. दोन ओळी पुरतात. फक्त 'आत्म्यास शांती लाभो' एवढ्यावर आटपू नका. नमस्कार.