टेकडी नाही, वनविहार आहे

सोलापूरला टेकडी नाही. किल्लासुद्धा भुईकोट! पुण्याचे पक्षीवेडे भल्या पहाटे वेताळ टेकडी चढतात. आपण विजापूर रोडला लागायचं आणि सिद्धेश्वर वनविहारात शिरायचं.

ऑक्टोबर संपत आलाय. उत्तरेकडून हिवाळी पाहुणे पक्षी यायला लागलेत. त्यातली किडे खाणारी लहान पाखरं लांबचा प्रवास बहुतेक रात्रीच करतात. उजाडताना उतरायचं म्हटलं, तर चहूकडे माळ, शेतं आणि स्लॅबची घरं. मधेच हा झाडीचा पट्टा. झाडी आहे म्हणजे किडे आहेत, म्हणजे न्याहारीची सोय आहे.

तो कडुनिंबाचा शेंडा बघा. वारा नाही, तरी पान हललं. हिरवट वटवट्या! वजन जेमतेम सात-आठ ग्रॅम, आणि आलाय हिमालयातून, कदाचित त्याच्याही पलीकडून. पानाची खालची बाजू तपासतो, अळी टिपतो, की लगेच पुढचं पान. दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत हा दुसऱ्या फांदीवर. दिसलीच तर भुवईची फिकट रेघ दिसते आणि पंखावरची बारीक पांढरी पट्टी. मान मात्र हमखास आखडते.

खाली सावलीतला माशीमार त्यामानानं सज्जन. ठरलेल्या फांदीवर बसून शेपूट उडवतो, बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरं चमकतं. नाव लाल कंठाचा. पण तो कंठ नराचाच, त्यामुळं निम्म्या वेळा लाल काही दिसतच नाही.

भोरड्यांना मात्र शोधावं लागत नाही. गुलाबी अंग, काळं डोकं, आणि संध्याकाळी बाभळीवर हजारोंचा कालवा. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीवर उतरल्या, की शेतकरी गोफण काढतो. त्याचंही बरोबर आहे, कणसं त्याची आहेत. पण याच भोरड्या नाकतोडेही फस्त करतात. चीनच्या शिंजियांगमध्ये तर टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून त्यांना मुद्दाम घरट्यांच्या जागा बांधून देतात.

एप्रिलपर्यंत थवे मध्य आशियाकडं परततात. आपल्याला सुट्टी नाही. जूनच्या ढगांबरोबर आफ्रिकेहून चातक येतो. पावसाचा दूत म्हणून त्याचं केवढं कौतुक! येतो तो सातभाईंच्या घरट्यात गुपचूप अंडी घालायला.