तुरट घोटाची वीस वर्षं

[पिंपांचं लांबच लांब दालन. मंद उजेड. एका पिंपाचं बूच निघतं, काचेची नळी आत उतरते.]

पोयाक. फ्रान्सच्या नैऋत्येला, बोर्दो शहराच्या उत्तरेकडे, जिरोंद खाडीच्या डाव्या काठावरचं लहानसं गाव. मार्च महिना चालू आहे. गेल्या सप्टेंबरात तोडलेल्या द्राक्षांची वाइन या पिंपांत मुरायला पडली आहे. नळीतून ती ग्लासात उतरते तेव्हा लाल म्हणावी अशी नसतेच. दाट जांभळी, अगदी शाईसारखी. काळ्या फळांचा वास येतो आणि त्याच्यामागून नव्या, ताज्या तासलेल्या लाकडाचा.

मग पहिला घोट. जीभ टाळ्याला चिकटते, हिरड्या कोरड्या पडतात, गाल आतून आवळल्यासारखे होतात. जून महिन्यात झाडाखाली बसून ओंजळभर जांभळं ज्यानं खाल्ली आहेत, त्याच्या तोंडाला ही खूण ओळखीची आहे. तुरट. आपल्याकडे षड्रसांमध्ये ज्याला मानाची जागा आहे, तोच हा रस.

पहिल्यांदा चाखणारा इथे हमखास तोंड वाकडं करतो. मीही केलं होतं. एवढ्या नावाजलेल्या गावची वाइन आणि तोंडात धरवत नाही! पण पुढची दहा, वीस, कधीकधी चाळीस वर्षं ही वाइन ज्याच्या आधारानं उभी राहणार आहे, तो आधार म्हणजे हाच तुरटपणा. म्हणून त्याच्याकडे जरा थांबून, नीट पाहायला हवं.

[द्राक्षाचा एक मणी बोटांत दाबला जातो. साल, गर, बी.]

द्राक्षाचा गर बिनरंगाचा. लाल वाइनचा रंग येतो सालीतून, आणि तुरटपणा येतो सालीतून आणि बियांमधून. ज्या द्रव्यांमुळे तो येतो ती टॅनिन. आपली लाळ बुळबुळीत असते ती तिच्यातल्या प्रथिनांमुळे. टॅनिन त्या प्रथिनांना पकडतं, त्यांच्या गुठळ्या करतं, आणि तोंडातलं वंगण निघून जातं. जीभ खरखरीत लागते ती त्यामुळे. कडक उकळलेल्या कोऱ्या चहात दूध घातलं की तो मवाळ होतो, त्यामागेही हेच आहे: चहातलं टॅनिन लाळेऐवजी दुधातल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं. पोयाकमध्ये या वाइनबरोबर कोवळ्या कोकराचं मटण खातात, त्यामागे परंपरा आहे तशी ही समजही आहे.

इथलं मुख्य द्राक्ष कॅबर्ने सोव्हिन्याँ. मणी लहान, साल जाड, बिया मण्याच्या मानानं भरपूर. म्हणजे रसाच्या हिशेबात टॅनिन मुबलक. हे द्राक्ष कुठून आलं याचे तर्क शतकभर चालले होते. 1997 साली जनुकीय तपासणीतून उलगडा झाला: काळं कॅबर्ने फ्राँ आणि पांढरं सोव्हिन्याँ ब्लाँ यांच्या आपोआप झालेल्या संकराचं हे अपत्य. त्याच्या जोडीला मेर्लो असतं, लवकर पिकणारं, मांसल, स्वभावानं मऊ. खाडीच्या उजव्या बाजूला, पोमरोल आणि सँतेमिलियाँच्या चिकणमातीत मेर्लोचं राज्य. डाव्या काठावर, या मेदोक पट्ट्यात, कॅबर्नेचं.

[जमीन जवळून. माती कमी, गोटे जास्त.]

ही जमीन पाहा. आपल्याकडचा शेतकरी हिला माळरान म्हणेल. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्यांनी हजारो वर्षं आणून टाकलेली वाळू आणि गोटे. सतराव्या शतकात डच अभियंत्यांनी चर खणून इथली दलदल उपसली, तेव्हा कुठे हे गोट्यांचे उंचवटे शेतीखाली आले. पाऊस पडला की पाणी झिरपून जातं, मुळांना खोल जावं लागतं, आणि दिवसभर तापलेले गोटे सावकाश निवतात. उशिरा पिकणाऱ्या कॅबर्नेला ही ऊब लागते. ती मिळाली नाही तर द्राक्ष अर्धकच्चं राहतं आणि वाइनला चक्क हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो. हा वास उगाच भासणारा नव्हे. ढोबळी मिरचीत जे द्रव्य असतं, तेच कच्च्या कॅबर्नेत असतं.

इथून अगदी जवळ सँ-ज्युलियाँ गाव आहे, आणि नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्षबागायतदारांचं त्या गावाशी रोजच्या वापरातलं नातं आहे. 1882 साली बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे यांना त्या भागातल्या रस्त्याकडेच्या वेली डाऊनीपासून, म्हणजे केवड्यापासून वाचलेल्या दिसल्या. बाकीची बाग रोगानं करपलेली. चौकशी केल्यावर कळलं की येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. पुढे प्रयोग झाले, 1885 मध्ये ते प्रसिद्ध झाले, आणि जगाला मिळालं बोर्डो मिश्रण. छाटणीनंतर पाठीवर पंप घेऊन आपला बागायतदार ज्याची फवारणी करतो, त्याच्या नावात हेच गाव-शिवार आहे.

[एका मनोऱ्यासमोरून कॅमेरा सरकतो.]

हा मनोरा शातो लातूर या वाइनच्या मळ्याचा. मराठी कानाला नाव ओळखीचं वाटतं, पण फ्रेंचमध्ये ‘ला तूर’ म्हणजे मनोरा, एवढंच. 1855 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी इथल्या वाइनची प्रतवारी लावली. कसोटी साधी होती: बाजारात कोणाला किती भाव मिळतो. पहिल्या प्रतीत चार नावं आली: लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ. त्यानंतर पहिल्या प्रतीत भर पडली ती एकदाच. 1973 मध्ये मूताँला बढती मिळाली, आणि त्या आदेशावर सही होती तेव्हाचे कृषिमंत्री जाक शिराक यांची. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या भावांवर बेतलेली ही यादी आज जरा जास्तच डोक्यावर घेतली जाते, असं माझं मत आहे. त्यापेक्षा पिंपांच्या दालनात जाणं बरं.

एका पिंपात 225 लिटर वाइन मावते, म्हणजे 300 बाटल्या. ओकच्या लाकडाची ही पिंपं आतून आगीवर शेकलेली असतात. तिथून वाइनला किंचित धुरकट, व्हॅनिलासारखा सुगंध येतो. पण पिंपाचं मोठं काम वेगळंच आहे. लाकडातून हवा अगदी थेंबाथेंबानं आत येते. त्या हवेच्या हातानं टॅनिन आणि सालीतली रंगद्रव्यं एकमेकांना सांधली जातात, रंग पक्का होतो, तुरटपणाची धार बोथट होऊ लागते. दीड-दोन वर्षं हे चालतं. साधारण दर तीन महिन्यांनी वाइन गाळावरून निथळून दुसऱ्या पिंपात घेतात. जुन्या पद्धतीनं काम करणारा माणूस ग्लासामागे मेणबत्ती धरतो. उजेड गढूळ दिसू लागला की थांबतो.

आणि शेवटी येतात अंडी. एका पिंपाला पाच-सहा अंड्यांचा पांढरा भाग. हलका फेटून वाइनमध्ये मिसळला की त्यातली प्रथिनं सगळ्यात राकट टॅनिनला धरून तळाशी बसतात. गढूळ पाण्याच्या हंड्यात आपण तुरटी फिरवतो, तसंच. इथे तुरटपणाच काढायचा आहे, पण पुरता नाही. किती ठेवायचा, हे ठरवण्यातच सगळं कसब. उरलेल्या पिवळ्या बलकांचं काय? बोर्दो शहरात सांगतात की त्यातूनच कानले जन्माला आले, रम आणि व्हॅनिला घातलेले, बाहेरून काळपट कुरकुरीत, आतून लुसलुशीत असे छोटे केक.

[बाटल्या. आडव्या, ओळीनं, धूळ बसलेल्या.]

बाटलीत हवेची वाट जवळजवळ बंद होते, आणि बदल आणखी सावकाश होतो. टॅनिनचे रेणू जोडले जातात, तुटतात, पुन्हा जुळतात. काही इतके जड होतात की तळाशी बसतात. ताज्या फळाचा वास मागे सरतो. मधल्या काही वर्षांत वाइन अबोल होते, ना धड फळ, ना धड मुरलेपण. इथले लोक म्हणतात, वाइन मिटली आहे. अशा वेळी बाटली उघडणं म्हणजे अढीतला आंबा पाड लागण्याआधी कापणं.

हेही सांगायला हवं की बोर्दोची बहुतेक वाइन मुरवण्यासाठी नसतेच. ती दोन-चार वर्षांत पिऊन संपवायची असते. ठेवली तर सुधारत नाही, नुसती विटते. टॅनिन, आंबटपणा आणि फळाचा गाभा हे तिन्ही भरघोस असतील तरच वाट पाहण्यात अर्थ आहे.

आणि वाटही कुठे पाहायची ते महत्त्वाचं. 12 ते 14 अंश तापमान, अंधार, थोडा ओलावा, बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. माझ्याकडे एकदा अशीच एक चांगली बाटली आली होती, पॅरिसहून परतलेल्या मावसभावानं दिलेली. खास प्रसंगाला उघडू म्हणून मी ती पुण्याच्या घरात स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवली. दोन उन्हाळे गेले. काढली तेव्हा बूच वर सरकलं होतं आणि गळ्यावर चिकट ओघळ होते. चव शिजवून आटवलेल्या मनुकांसारखी, सपाट. उष्णतेनं मुरणं लवकर होत नाही, वेगळंच काहीतरी होतं. त्या बाटलीची हळहळ मला आजही आहे.

बाटलीतल्या या काळावर माणसानं केलेला सर्वात धाडसी प्रयोगही याच प्रदेशातला. नोव्हेंबर 2019 मध्ये पोमरोलच्या पेत्र्यूस वाइनच्या 12 बाटल्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात गेल्या. सुमारे 14 महिने पृथ्वीभोवती फिरल्या आणि जानेवारी 2021 मध्ये परतल्या. मार्चमध्ये बोर्दोच्या वाइन संशोधन संस्थेत 12 जाणकारांनी ती वाइन जमिनीवरच राहिलेल्या वाइनशेजारी ठेवून चाखली. दोन्ही उत्तम निघाल्या, पण अवकाशातली किंचित पुढे गेलेली. चाखणाऱ्यांपैकी एकीच्या मते वर्ष-दोन वर्षांनी वयस्क.

[पांढरा टेबलक्लॉथ. दोन ग्लास, तिरके धरलेले.]

चाखायला सुरुवात करायची डोळ्यांनी. ग्लास पांढऱ्या कापडावर तिरका धरा आणि कड पाहा. तरुण वाइनची कड जांभळी, वयस्क वाइनची विटकरी. पण डोळ्यांवर फार विसंबू नका. 2001 साली बोर्दोच्या संशोधकांनी वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दिली, तिच्यात फक्त बिनवासाचा लाल रंग मिसळून. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनचेच शब्द वापरून केलं. शिकलेल्या नाकांची ही गत, तर नवख्यानं बुजायचं कारणच नाही. आपल्याला जो वास आठवतो तो आपल्या शब्दांत सांगावा. ग्लास हलकेच फिरवा, नाक आत घाला, मग लहान घोट तोंडभर घोळवा. दिवसाला कित्येक डझन वाइन चाखणारे परीक्षक घोट गिळत नाहीत, थुंकतात. आणि थुंकल्यानंतर चव किती वेळ मागे राहते, ते मनात मोजतात.

[मेणबत्ती. एक जुनी बाटली, बूच निघालेलं.]

ही बाटली 1996 ची. पोयाकचीच. त्या वर्षी मेदोकमध्ये कॅबर्ने उत्तम पिकलं होतं. कालपासून ती उभी ठेवली आहे, म्हणजे गाळ तळाशी बसावा. यजमान मेणबत्तीच्या उजेडात ती काचेच्या सुरईत ओततात, एका धारेत, हात न थांबवता. बाटलीच्या खांद्याशी काळी रेघ दिसते आणि ते थांबतात.

ग्लासातला रंग आता पातळ, डाळिंबी, कडेला वीट. वास... नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा. देवदाराच्या लाकडी पेटीचा. कोरड्या तंबाखूचा. आणि खाली कुठेतरी पहिल्या पावसानंतर जंगलात कुजणाऱ्या पानांचा. फळ आहे, पण लांबून हाक मारावी तसं.

घोट घेतला. तुरटपणा आहे. गेलेला नाही. पण पिंपाशी चाखलेला तो कोरं, खळ घातलेलं मांजरपाट होता, आणि हा आजीच्या लुगड्याचा पदर. तीच वीण, इतक्या धुण्यांनी मऊ झालेली.

टेबलावर कोणी बोलत नाही. अर्ध्या तासात वास आणखी उघडतो, तासाभरानं विरळ होऊ लागतो. शेवटच्या घोटात पेन्सिल उरलेली नाही, फक्त ओली पानं. यजमान रिकामी बाटली उजेडासमोर धरतात. तळाशी बोटभर गाळ, काळपट तपकिरी, काचेला चिकटलेला. त्यातला थोडा ते चमच्यानं काढून माझ्यापुढे धरतात. जिभेवर ठेवला. जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली.