झुडपी जंगल आणि पट्ट्यावरची तारीख

श्रोतेहो, नमस्कार.

पूर्व विदर्भातल्या सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' हे दोन शब्द दिसले, की घर बांधायला निघालेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. तो का येतो आणि अशा वेळी कोणता कागद शोधायचा, ते आज पाहू.

शब्द जुना, मध्यप्रांताच्या महसुली दप्तरातला. मुरमाड जमीन, कुदळ मारली की खण्ण वाजणारी. वर बोरी, कुठे पळस. पीक येत नाही, म्हणून गावाच्या निस्ताराला, म्हणजे सामायिक वापराला ठेवलेली: ढोरं चारायला, सरपणाला, मसणवटीला.

१९८० च्या वन संवर्धन कायद्याने वनजमीन दुसऱ्या कामाला वापरण्याआधी केंद्राची मंजुरी सक्तीची केली. पण 'वन' कशाला म्हणायचं, हे त्यात नव्हतं. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शब्दकोशातला अर्थ धरा, आणि सरकारी दप्तरात वन म्हणून नोंद असेल तर तेही वन, मग मालक कोणीही असो. झालं, झुडपी जंगलावर उभ्या असलेल्या शाळा, वस्त्या, सरकारी कचेऱ्या सगळ्याच पेचात आल्या. नागपूरच्या उच्च न्यायालयाची इमारतसुद्धा त्यातून सुटली नाही.

हा पेच सोडवला २२ मे २०२५ च्या निकालाने. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतलं झुडपी जंगल हे वनच ठरवलं. मात्र सक्षम अधिकाऱ्याने १२ डिसेंबर १९९६ पर्यंत दिलेली जमीन वनाच्या यादीतून वगळण्यासाठी राज्याने केंद्राकडे प्रस्ताव पाठवायचा, आणि त्यासाठी पर्यायी वनीकरणाची, म्हणजे बदल्यात दुसरीकडे झाडं लावून देण्याची अट लागणार नाही. त्यानंतर जमीन दिली असेल, तर ती का दिली हे राज्याला सांगावं लागेल आणि देणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई होईल.

म्हणून सगळ्यात आधी तारीख पाहा. तहसील कार्यालयातून पट्ट्याच्या किंवा वाटपाच्या मूळ आदेशाची नक्कल काढा. लोक घरटॅक्सची पावती आणि विजेचं बिल घेऊन येतात आणि इथेच फसतात. त्यांनी ताबा दिसतो, वाटप सिद्ध होत नाही. प्रस्ताव राज्यानेच पाठवायचा आहे, तेव्हा 'दिल्लीहून मंजुरी आणून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

वाटप न झालेले, तीन हेक्टरांहून लहान आणि जंगलाला न लागलेले तुकडे आता संरक्षित वन म्हणून जाहीर करायचे आहेत. माझ्या मते निकालातला हा फार मोलाचा भाग आहे. कागदावर पडीक दिसणाऱ्या त्या तुकड्यावरच गावाची जनावरं जगतात.

आणि प्लॉट घेणार असाल, तर आजच्या सातबाऱ्यावर थांबू नका. पोटहिस्से पडले, नंबर बदलले, की जुना शेरा नव्या उताऱ्यावर उतरतोच असं नाही. जुना खसरा नंबर, म्हणजे जमिनीचा जुना भूमापन क्रमांक घ्या, त्या गावचं निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या सामायिक वापराच्या जमिनींची नोंद काढा, दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहा, आणि मगच इसार द्या.