जांभळ्या रेघांचा ट्युलिप

(पहाट. डोंगरउतार, मागे बर्फाची शिखरं.)

फुलाकडे नंतर वळू. आधी पान बघा. राखाडी-हिरव्या पानावर जांभळ्या रेघा, कुणी कुंचला झटकल्यासारख्या. कुंडीतल्या ट्युलिपला अशी पानं दिसली, तर त्याचं आजोळ हेच. दक्षिण कझाकस्तान, पश्चिम तिएन शानचे उतार.

(फूल, जवळून.)

इथले लोक याला क्यझगालदाक म्हणतात. १८७३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या एदुआर्द रेगेल यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव दिलं रशियन बागकाम संस्थेच्या अध्यक्षांचं, ग्रेग यांचं. ट्युलिपा ग्रेगी. हे ग्रेग पुढे अर्थमंत्री झाले, आणि हॉलंडमध्ये फुलाचाही धंदा झाला. श्रीनगरच्या बागेत आपण गर्दी करून पाहतो ते बहुतेक ट्युलिप संकरित; कंद हॉलंडहून येतात.

(ओढ्याकाठची ढासळलेली दरड. उघडा पडलेला कंद.)

दरड कोसळली म्हणून हे दिसतंय, नाहीतर ही सगळी खटपट मातीखालची. बी रुजतं तेव्हा वर येतं एकच पान, गवताच्या पात्याएवढं. खाली इवलासा कंद. उन्हाळ्यात पान वाळतं, पण त्याआधी कंद एक पांढरा कोंब सरळ खाली सोडतो आणि त्याच्या टोकाशी नवा कंद धरतो. पुढच्या वर्षी आणखी खाली. थंडी-उन्हाची झळ पोचणार नाही इतकं खोल जायचं, अंगात बळ धरायचं, मग फूल. पाच-सात वर्षं जातात, कधी त्याहून जास्त.

बागेतल्या ट्युलिपच्या कंदाला बाजूने पिल्लं फुटतात. माळी ती सोडवून लावतो. या रानट्युलिपला ती क्वचितच फुटतात. त्याची सगळी भिस्त बियांवर.

(रस्त्याकडेला बादलीत लाल फुलं.)

फूल खुडलं की बी गेलं. पानं ओरबाडली तर कंदही उपाशी. शिवाय मेंढ्या, नांगर, पसरती शहरं. कझाकस्तानच्या रेड बुकमध्ये, म्हणजे धोक्यात आलेल्या जातींच्या सरकारी यादीत, ही जात आहे, तोडली तर दंड होतो.

(अक्सू-झाबाग्लीचं प्रवेशद्वार. पुढे उघडा माळ.)

अक्सू-झाबाग्ली १९२६ पासून राखीव आहे. मध्य आशियातलं हे सर्वांत जुनं राखीव क्षेत्र. इथे मेंढ्यांना मज्जाव.

(जून. उतार पिवळा.)

बोंडं तीन बाजूंनी उकललीत. आत चपट्या बिया, पत्त्यांच्या कॅटसारख्या एकावर एक.

(निवेदन थांबते. फक्त वाऱ्याचा आवाज.)