नालेचं चुंबक, चौकोनी नेक

(दृश्य: नौपाड्यातल्या जुन्या इमारतीतली खोली. खिडकीबाहेर पाऊस. टेबलावर उघडलेली लॅप स्टील, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूची कांडी (बार) सरकवत वाजवायची गिटार, शेजारी मल्टिमीटर आणि स्टीलची पट्टी.)

अशी जुनी गिटार विकत घेताना काय बघायचं? १९३० च्या आसपासच्या, नॅशनल कंपनीच्या दोन ट्रायकोन गिटार शेजारी ठेवा. निकेलचा मुलामा दिलेलं धातूचं तेच अंग, आत ॲल्युमिनियमचे तेच तीन पातळ शंकू. एकीची नेक (तारांखालचा लांब दांडा) गोल, दुसरीची चौकोनी. चौकोनीवाली स्वस्त, आणि थोडीथोडकी नाही. ती फक्त मांडीवर आडवी घेऊन वाजते. गोलवाली नेहमीच्या गिटारसारखी धरता येते, म्हणून ब्लूज वाजवणारेही तिच्या मागे. मग कोणीतरी चौकोनी नेक काढून गोल बसवतो. वाद्य वाजतं छान, पण अस्सलपणा गेला की संग्राहक भाव पाडणारच. नेक मूळची आहे का, हे आधी विचारायचं.

विजेवरच्या लॅप स्टीलची तऱ्हा वेगळी. फेंडर चॅम्पियन, सुप्रो, मॅग्नाटोन ही शिकणाऱ्यांसाठी काढलेली वाद्यं. कित्येकांवर मोत्यासारखं चमकणारं सेल्युलॉइड चिकटवलेलं असतं. काहीशे डॉलरमध्ये ती अजूनही मिळतात, त्याच काळातल्या फेंडरच्याच टेलिकास्टर गिटारपुढे ही किंमत चिल्लर. गंमत म्हणजे टेलिकास्टरच्या ब्रिजजवळच्या पिकअपचं (तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागाचं) मूळ याच चॅम्पियनच्या पिकअपमध्ये आहे. हे माहीत असलेले लोक लॅप स्टील घेतात, पिकअप उपसतात आणि सांगाडा पुन्हा बाजारात सोडतात. गिब्सनच्या ईएच-१५० या लॅप स्टीलवर जाझ गिटारवाल्यांचा असाच डोळा, कारण आतला, जाझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चनच्या नावाने ओळखला जाणारा पिकअप. तो तीन मोठ्या स्क्रूंवर टांगलेला असतो. वरच्या फळीवर ते स्क्रू नसतील, तर फोटो कितीही देखणा असो, पुढे जायचं.

(दृश्य: कंट्रोल प्लेट उलटी. पॉटच्या, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाच्या, पाठीवरचा आकडा.)

पॉटच्या पाठीवर १३७६६३२ असं कोरलेलं असेल, तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ म्हणजे १९६६, ३२ म्हणजे बत्तिसावा आठवडा. स्टॅकपोलचा आकडा ३०४ ने सुरू होतो. साठ सालाआधी वर्षासाठी एकच अंक असायचा. ३०४६३४ मधला ६ हा १९४६ चा की १९५६ चा, ते वाद्याच्या घडणीवरून ठरवायचं. पॉट नंतर बदललेलाही असू शकतो, म्हणून सोल्डर बघा. जुना टाका मळकट आणि राखाडी असतो. चकचकीत गोळा दिसला की कोणीतरी आत हात घातलाय.

व्हॉल्यूम पूर्ण उघडून मल्टिमीटर जॅकला लावा. काही हजार ओहम आले तर पिकअपमधली तारेची कॉइल शाबूत. काहीच आलं नाही तर घाबरू नका, आधी थेट कॉइलच्या टोकांना मोजा, कारण पॉट किंवा जॅकही मेलेला असू शकतो. तिथेही काही नसेल तर केसाहून बारीक तांब्याची तार आत कुठेतरी तुटलेली असणार. मग पुन्हा वाइंडिंग करावं लागतं.

रिकेनबॅकरची बेकेलाइटची मॉडेल बी हजार डॉलरच्या पुढचं काम. पिकअपची चुंबकं घोड्याच्या नालेच्या आकाराची आणि तारा त्यांच्यामधून ओवलेल्या. युद्धाआधीची चुंबकं दीड इंच रुंद, नंतरची सव्वा इंच, आणि भाव दीड इंचाला. चुंबक अशक्त झालं तर आवाज बारीक येतो, पण ते पुन्हा चुंबकित करता येतं. बेकेलाइटला गेलेला तडा मात्र जोडला तरी दिसतोच. तेव्हा तारांची टोकं अडकतात तिथले काठ भिंगातून बघा.

(दृश्य: नटवर, म्हणजे खुंट्यांकडे तारा जिच्यावर टेकतात त्या आडव्या तुकड्यावर, स्टीलची पट्टी आडवी.)

नटवर पट्टी टेकवली की सगळ्या तारा वरच्या बाजूने एका पातळीत लागायला हव्यात. एक जरी खाली राहिली तरी बार फिरताना ती खरखरते. साधा गिटारचा सेट चढवू नका. सी-सिक्स या लॅप स्टीलच्या जुळणीत सहावी तार ‘सी’ला लागते, साध्या सेटची सहावी असते ‘ई’ची. म्हणजे आठ अर्धस्वर वर ओढायची. साडेबावीस इंचांच्या लांबीवरही ताण जवळपास दुप्पट होतो. तार तुटते, नाहीतर जुनी खुंटी झिजते. पहिली ०.०१५ आणि सहावी ०.०३६ इंचाच्या आसपास ठेवा.

बरोबर जुना अमेरिकन ॲम्प्लिफायर आला असेल, तर तो ११० व्होल्टचा. थेट आपल्या २३० च्या सॉकेटला लावला की संपला. छोट्या ॲम्पला १५० वॉटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर पुरतो, तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतो. दोन पिनांची जुनी वायर काढून अर्थिंगची तीन पिनांची बसवून घ्या आणि सुकलेले कपॅसिटर बदला. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये प्लग काढल्यावरही मोठा दाब शिल्लक राहतो, त्यामुळे हे काम जाणकाराकडेच.

ठाण्यातल्या माळ्यावर ‘हवाईयन गिटार’ म्हणून सापडते ती बहुधा साधीच गिटार, उंच नट घालून केलेली. ब्रिजमागे फळी फुगली असेल तर तारा आधी सैल करा.

(दृश्य: बंद पेटी उघडते.)

पावसाळ्यात सेल्युलॉइडची वाद्यं हवाबंद पेटीत कोंडू नका. खराब होऊ लागलेलं सेल्युलॉइड आंबट वाफ सोडतं, कापराचाही वास येतो. त्या वाफेने आधी खुंट्या आणि स्क्रू हिरवे पडतात, मग खुंट्यांची बटणं चुरा होतात. असं वाद्य बाकीच्यांपासून वेगळं, हवेशीर ठेवा. त्याच्याजवळ सोल्डरिंग गन नेताना मध्ये पत्र्याचा आडोसा धरा, सेल्युलॉइड भसकन पेटतं.